सुईणीच्या कुंड्या

हेबर मालागाला गेला तेव्हा मागे ठेवून गेला
एक मोडकी सायकल, दोन महिन्यांचं वीजबिल,
आणि काडेपेटीत, कापसावर, गांजाच्या सहा बिया.
"आई, सप्टेंबरात लाव. उरुग्वेत घरी सहा झाडं चालतात.
फक्त पोस्टात जाऊन नाव नोंदव."

पोस्टातली पोरगी माझ्याच हातांत जन्मलेली.
फॉर्मवरून वर बघत म्हणाली, "दोन्या सेल्मिरा, तुम्ही?"
म्हटलं, मीच. एकाहत्तराव्या वर्षी. शिक्का मार.

बशीत ओला कागद, वर दुसरी बशी पालथी.
तिसऱ्या रात्री उघडून बघते तर
शिवण उसवावी तशी फट,
आणि फटीतून पांढरं, वाकडं काहीतरी.
डोकं नव्हे. पाय आधी.
माझ्या कामात असं दिसलं की
दुराझ्नोच्या इस्पितळात गाडी पाठवायचे.
इथं म्हणे हेच सुलट.

दह्याच्या डब्यांत पाच जणी वर आल्या
टरफलाची टोपी झटकून.
सहावीची टोपी निघेना.
थुंकी लावली, भुवयांचा चिमटा घेतला, श्वास धरला,
आणि निघाली.
हात अजून थरथरत नाहीत माझे.
हे कुणाला सांगणार, म्हणून मांजराला सांगितलं.

नोव्हेंबरात मुंग्या आल्या, पानं कापून छत्र्यांसारखी नेणाऱ्या.
एका रात्रीत दुसरीचा खांदा उघडा पडला.
शेजारच्या रूबेननं पाण्याच्या परातीत कुंड्या ठेवून दिल्या,
पोतंभर मेंढ्यांच्या लेंड्या आणल्या,
आणि तेव्हापासून संध्याकाळी मातेचा थर्मास घेऊन येतो.
झाडं बघायला, म्हणतो.
बसतो मात्र झाडांकडे पाठ करून.

जानेवारीत पेरापाशी भिंग धरायचं.
दोन पांढरे केस दिसले तर मादी,
देठावर इवलीशी गोळी दिसली तर नर.
"नर उपटून टाक," हेबर फोनवर म्हणाला,
"नाहीतर पराग उडेल, सगळ्याच बी धरतील, मेहनत वाया."

चाळीस वर्षं मी दारातून डोकं काढून सांगत आले, मुलगा!
की अंगणात लगेच बाटलीचं बूच उडायचं.
मुलगी, म्हटलं की आधी शांतता,
मग बूच.
ती शांतता मी मनात मोजायची.
एकदा सतरापर्यंत गेले होते.

चौथी नर निघाली. आणि सहावी.
सहावी, म्हणजे तो, टोपीवाला.
चार दिवस मी भिंग सापडत नाही असं स्वतःला सांगितलं.
पाचव्या दिवशी पहाटे, रूबेन उठायच्या आत,
बुंध्याला धरून ओढला.
मुळांनी कुंडीचा आकार तसाच धरून ठेवला होता,
माती सोडायला तयार नव्हती.
दाराशी कुणीच नव्हतं.
तरी मी म्हटलं, मुलगा.

एप्रिलात चिकाचे थेंब काचेसारखे होते, ते दुधाळ झाले,
मग कडेकडेनं मधाचा रंग.
चारी झाडं कापली. कात्रीला इतका चीक
की दर दहा मिनिटांनी तेलाचं फडकं.
हेबरच्या खोलीत दोरी बांधून
एकेक फांदी उलटी टांगली, पाय वर, डोकं खाली.
असं धरून किती पाठी थोपटल्या मी.
बहुतेक सगळी रडली.
एकोणऐंशी सालच्या जुलैत, यी नदीला पूर असताना,
एक नाही.
मी खोलीचं दार लावून घेतलं. अंधारातच वाळायचं असतं ते.

आता फडताळात काचेच्या नऊ बरण्या.
रोज झाकण उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यायची, नाहीतर बुरशी;
ढेकर काढायचा, म्हणते मी.
जुनी नोंदवही काढली, तिची शेवटची पानं कोरीच होती:
तारीख, वेळ, वजन. एकतीस ग्रॅम. अठ्ठावीस.
बापाचं नाव, हा रकाना रिकामा.

मालागाला पाठवता येत नाही. कायदा.
रूबेनचं कंबरडं दुखतं, असं तो हल्ली दोनदा म्हणाला.
मी अजून काही बोलले नाही.
मोजतेय.